टाकळझरी रोड

स्टेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून
ग्रामपंचायतीनं स्मरणिका काढायचं ठरवलं.
सरपंच म्हणाले, मास्तर, तुम्ही रिटायर हात,
पयली घरं कोनाची, तेवढं लिहून काढा.

या गावाला मुळात स्वतःचं नाव नाही.
टाकळझरी चार कोसांवर, नाल्यापलीकडे.
तिथल्या पाटलानं वावरातून रूळ जाऊ दिला नाही,
म्हणून गाडी इथं थांबली, भर काळ्या रानात,
जिथं हरणांशिवाय कोणी उतरणारं नव्हतं.
पाटीवर नाव त्यांचं.
आमचं फक्त शेपूट: रोड.

युनूसभाई अलारखियांनी पत्र्याची पेटी उघडली.
आतून अर्ध्या मणाचं लोखंडी माप काढलं,
मांडीवर ठेवलं, जसं लेकरू ठेवावं.
कच्छहून पणजोबा आले ते हेच घेऊन.
जिनाचा भोंगा आधी वाजला, मास्तर,
मग त्या आवाजाभोवती गाव जमलं.

लुणावतांनी चोपडी दाखवली.
लाल कापड, वाळवीनं कुरतडलेली कड.
पहिल्या पानावर पहिली उधारी:
गूळ पावशेर, दिव्याचं तेल, नाव इंजनवाला.
अजून यायची हाय, ते म्हणाले,
आणि हसले नाहीत.

राजन्नाच्या घरी अजून पाण्याला नीळ्ळू म्हणतात.
त्याचा आजा येल्लय्या, कीमन,
रोज पहाटे पाच मैल रुळावरून चालायचा.
हातोडा मारून कान लावायचा,
कोणता सांधा दुखतो ते कळायचं त्याला.
मरताना घरातल्या खाटेलाही
बोटानं ठोकून पाहत होता म्हणे.

चांगुणा खोब्रागडे दिवसा जिनात सरकी वेचायची,
रात्री कंदील घेऊन बाळंतपणाला जायची.
अलारखियांची, लुणावतांची, स्टेशनमास्तरची,
सगळ्या गावाची नाळ तिनं कापली
आणि पहाटे रूळ ओलांडून
पलीकडच्या आपल्या झोपडीत परत गेली.
तिची नातसून चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.
लिहा, म्हणाली, पयले आमीच.
आमचं पोट्टं झालं तवा
टेशनावर पत्रे बी चढले नव्हते.

मी सगळं लिहून घेतलं.
प्रत्येकजण पहिला होता.

पण एक गोष्ट चौघांनीही सांगितली,
मध्येच, न विचारता, पाणी प्यायला देता देता:
आमी आलो तवा विहीर होती.

इंजिनाला पाणी लागतं, म्हणून गाडीच्या आधी विहीर.
विहिरीच्या आधी वडार.
गाढवं, पहारी, कुत्री, हंडे, बायकापोरं.
दोन उन्हाळे काळा पाषाण फोडला,
पाणी लागलं तेव्हा एकानं चूळ भरून पाहिली,
गोड हाय म्हणाला,
आणि बिऱ्हाड गाढवांवर चढवलं.
इंजिन आलं तेव्हा ते नव्हते.
कुठं गेले, कोणाच्या चोपडीत नाही.
त्यांनी कोणाकडे उधार घेतलं नव्हतं.

मे महिन्यात पाणी तळाला गेलं तसा
गुडघे धरून मी खाली उतरलो.
सतरावी पायरी. डाव्या हाताला
छिन्नीनं कोरलेला एक भोवरा,
माझ्या तळव्याएवढा, जाळीसकट.
कोणीतरी पोराला गप्प बसवायला कोरला असावा.
किंवा पोरानंच.
मी हात ठेवला. दगड गार होता.

सरपंचांनी मजकूर वाचला.
वडारांचं नाव-गाव काई?
म्हटलं, नाही.
फोटो?
नाही.

गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली.
रुळात आता कमरेएवढा तरोटा माजतो,
त्यात बकऱ्या चरतात राजन्नाच्या.
स्मरणिका छापून आली. चांगली आहे.
चारही घराणी आली, फोटोंसकट,
इंजनवाल्याची उधारीही आली.
विहिरीसाठी ठेवलेल्या अर्ध्या पानावर
बोअरवेलवाल्याची जाहिरात आहे.