प्रश्न तेरा, पोटप्रश्न ब

फॉर्मवर वनस्पतींसाठी चौकोन आहेत:
पानझडी झाड, सूचिपर्णी झाड, झुडूप, गवत, पीक.
मी गवतावर खूण केली.
आर्व्हेला मोझेस माझ्या खांद्यावरून बघत होती.
जमातीने पाठवलेली, देखरेखीला.
म्हणाली, गवत?
मग गुडघ्यावर बसून एक पात बाजूला सारली.
हे कॅमस. याचा कंद आम्ही दोन दिवस
खड्ड्यात भाजायचो, गोड होईस्तोवर.
निळ्या फुलाचा खायचा.
पांढऱ्या फुलाचा खाल्ला की माणूस आटोपला.
म्हणून फुलं असतानाच पांढरे उपटायचे,
दर साली, कुणीतरी.
मी खूण खोडून ‘इतर’वर केली.
‘इतर’समोर दोन बोटं जागा होती.

सिएटलच्या दक्षिणेला, खाडीच्या उतारावर
चौसष्ट फ्लॅट, चार मजले, तळघरात गाड्या.
ओकची अकरा झाडं, पैकी नऊ जाणार,
बदल्यात सत्तावीस रोपं, प्रत्येकाला काठी आणि सुतळी.
एकास तीन. हिशेब चोख.

माझं काम भोकं पाडायचं.
दर दहा मीटरला एक, हातभर रुंद, मांडीइतकं खोल.
माती चाळणीत. उरेल ते पिशवीत. पिशवीवर आकडा.
पहिल्या सोळांत भराव, विटेचा तुकडा,
बिअरच्या बाटलीचं झाकण.
सतराव्यात माती एकदम काळी झाली, तेलकट,
चुलीखालची असते तशी,
आणि चाळणीवर शिंपले वाजले.

जेवणं उरकल्यावर आत कुणी बशा आवरावं,
तसा आवाज.
आणि आपण न बोलावता दारात उभे.

आर्व्हेलाने हात वर केला. थांब.
तिने टोपी काढली.
मी हेल्मेट काढलं, जे काढायचं नसतं.
ती खड्ड्याशी तिच्या भाषेत बोलली,
बराच वेळ. मध्येच हसली.
नंतर सिगरेट पेटवत म्हणाली,
माफी मागितली, आणि तुझं नाव सांगितलं.
कोण खणतंय ते कळायला हवं ना त्यांना.
त्या रात्री मला झोप लागली नाही.
माझं नाव जमिनीखाली गेलं होतं.

सुनावणी वाचनालयाच्या हॉलमध्ये झाली.
एकीला पार्किंगची चिंता,
एकाच्या टोमॅटोंवर सावली पडणार होती.
बिल्डरचा हॅलोरन चित्रं दाखवत होता,
चित्रातली सगळी माणसं कुत्री फिरवणारी.
आर्व्हेलाला तीन मिनिटं.
सगळ्यांना वाटलं, ती नको म्हणणार.
ती म्हणाली, माझ्या बहिणीचा मुलगा
दोन पोरांना घेऊन गाडीत झोपतो,
सुपरमार्केटच्या मागे. घरं हवीतच.
फक्त स्वयंपाकघराच्या जागी गाड्या लावू नका.
हॅलोरनने विचारलं, कुठलं स्वयंपाकघर?
ती सांगायला लागली आणि घंटी वाजली.
अर्ध्या वाक्यावर ती खाली बसली,
राहिलेलं अर्धं तोंडात धरून.

जूनमध्ये निर्णयाचं पत्र आलं.
‘अटींसह: परिणाम लक्षणीय नाही.’
तळघर अकरा गाड्यांनी आखडलं.
सतराव्या भोकावर कापड, कापडावर वाळू,
वाळूवर हिरवळ, भोवती कुंपण.
इमारतीचं नाव कॅमस कोर्ट.
भाच्याचा अर्ज प्रतीक्षा यादीत, एकशे नव्वदावा.

माझा अहवाल दोनशे बारा पानांचा.
त्यात शिंपल्यांचं वजन आहे, ग्रॅममध्ये.
आवाज कुठे लिहायचा ते मला सापडलं नाही.

या मे महिन्यात मी सहज गेलो होतो,
खरं तर सहज नव्हे.
क्रेन उभी होती, रविवार, कुणी नाही.
कुंपणाच्या आत, हिरवळ फाडून
निळी फुलं वर आली होती, पंधरा-वीस.
आणि त्यांच्यात एक पांढरं.

मी जाळीतून हात घातला. मग काढून घेतला.
फोन केला.
किती आहेत, तिने विचारलं.
एक.
पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या.
थांब तिथेच, म्हणाली. येते.