मार्शल

सारसोळे सिग्नल, पहाटे पावणेसहा.
अंगात चमकतं जाकीट, गळ्यात शिट्टी.
सव्वीस वर्षं एनएमएमटी चालवली,
हॉर्न दिला की माणसं बाजूला होतात
एवढंच मला रस्त्यातलं कळतं.

एकवीस किलोमीटरवाले थव्याने येत होते,
नुसती बुटांची चटचट.
मागून सायरन. बेलापूरकडे कुणी कोसळलेलं.
मी शिट्टी फुंकली.
सगळे डावीकडे सरकले. २३१७ नाही.
तो मधोमध, मान डोलावत,
स्वतःच्याच वरातीत असल्यासारखा.

गाल दुखेस्तोवर फुंकली.
मग या बदललेल्या गुडघ्यावर पळालो,
दंड धरून ओढलं त्याला दुभाजकाकडे.
गाडीचा वारा लागला दोघांना.

तो चिडला नाही की बोलला नाही.
मनगटावरची वेळ बघितली,
निघाला.

डांबरावर एक पांढरी गोळी राहिली,
चिंचोक्याएवढी.
जाकिटाला पुसून कानाशी धरली.
आत एक बाई
फार मायेने सांगत होती,
'छान चाललंय. लय सोडू नकोस,
छान चा'

तो वळणापलीकडे गेला असावा.

गोळी अजून खिशात आहे.
बक्षीस समारंभापर्यंत थांबलो होतो,
न्यायला कुणी आलं नाही.