नवतपा, तिसरा दिवस

दुपारी पाणी घालशील तर मुळं उकडतील, बापा,
ठवकरबाई शेजारच्या गच्चीवरून सांगतात.
पहाटे घाल. आधी कुंडीत बोट खुपस,
दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच.
कूलरचं पाणी नको, खारावलेलं असतं.
जुना वाळा मात्र फेकू नको, मातीवर अंथर.

साडेचारचा गजर लावतो आता.
मोगऱ्याला एक मग, कढीपत्त्याला अर्धा,
आणि सक्करदऱ्याच्या अंधारात
मागच्या उन्हाळ्याचा वास उठतो.

टमाटर गेले. जाऊ दे,
त्यांचे दिवस दिवाळीनंतर.

सहज टोचलेल्या बीचं संत्र्याचं रोप तेवढं
चार पानांवर अडून बसलंय.
फळ सात-आठ वर्षांनी, म्हणतात बाई,
तेही आंबटच निघायचं.

घर भाड्याचं. करार अकरा महिन्यांचा.

बोट खुपसतो.
ओल आहे.