रकाना : इतर

सुवैकच्या बाजारात, टायरवाल्याला लागून
सनद नावाचं ऑफिस आहे.
आमच्याकडे सनद म्हणजे राजानं लिहून दिलेली जमीन;
इथे दोन रियालात अर्ज टाइप करून मिळतो.
मी कोपऱ्यात झेरॉक्स काढतो.

दोन पिकअपमधून अकरा शेतकरी उतरले.
मसबह बिन सुलैयम पुढे,
हातात बाटली, स्वतःच्या विहिरीच्या पाण्याची.
‘चाखून बघ,’ म्हणाला शम्साला.
तिनं नाही चाखलं. मी चाखलं.
समुद्रच होता, जरा पातळ केलेला.

लिंबं गेली, म्हणाला, केरसुणीसारखी फुटून फुटून.
केळी त्याआधीच.
आता एक दाणा आहे, खाऱ्याला तितका भीत नाही,
मुलानं वाचलंय,
तेल निघतं, पीठ निघतं,
नशा नाही त्यात, तीन प्रयोगशाळांचे कागद आहेत.
नाव तेवढं वाईट.

शम्सानं फॉर्म उघडला.
पिकाचा प्रकार : खजूर, फळ, भाजी, चारा.
चारही वेळा त्यानं मान हलवली.
‘मग इतर,’ ती म्हणाली.
इतरमध्ये वीसच अक्षरं मावतात.
नाव टाइप करताना ओठातल्या ओठात पुटपुटली,
माझी आत्या ‘सोडचिठ्ठी’ म्हणायची तशी.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर म्हणालो असतो,
आमच्याकडे तो भांग डोक्यावर पाडतात,
सरळ पडला की पोरगं वळणावर आलं म्हणतात;
आणि ती भांग तुळशीत उगवली
की घराण्याचं नाव गेलं.

पानाचा फोटो जोडायचा होता.
मालक म्हणाला, माझ्या मशीनवर ते पान नको.
मसबहनं काचेवर पंजा पसरला,
दुसऱ्या हाताची दोन बोटं शेजारी ठेवली. सात.
‘हे चालेल?’
कुणी हसलं नाही.

दाणाही आणता येत नव्हता नमुन्याला.
अकरा जण मागत होते ते
त्यांच्यातल्या एकानंही तोंडात घातलेलं नव्हतं.

पहिल्या दिवाळीला मी आईला फोनवर सांगितलं होतं,
अनारशाला खसखस नको, विमानतळावर धरतात.
तिनं रव्यावर थापले.
जाळी पडली होती, रंगही तोच,
पण खाऊन झाल्यावर बराच वेळ
मी जिभेनं दातांच्या फटी शोधत बसलो.

सह्या दहा. अकरावा खल्फान, अंगठ्याचा.
कागदावर टेकवला, आणि उठताना
आधाराला मशीनच्या काचेवर.

पिकअप सुरू व्हायच्या आत
मसबहच्या फोनवर मेसेज आला : विचाराधीन.
त्यानं तो मला वाचायला लावला, दोनदा.

संध्याकाळी लक्षात आलं.
कुणाचा निकाहनामा, कुणाच्या गाडीची मुल्कीया,
सिल्हेटच्या एका पोराचा पासपोर्ट,
सगळ्यांच्या खालच्या कोपऱ्यात तो अंगठा,
फिका, वाटोळा,
लिंबाच्या आळ्यासारखा.

तक्रार कुणीच केली नाही.
दुकान बंद करताना मी काच पुसली.