घट

मार्केट यार्डाच्या मागच्या फाटकापाशी
माझा काटा. साठ टनी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो:
भरलेलं, रिकामं, निव्वळ.
सोळा वर्षं.

दुपारी सौदे थंडावले
की टेबलाच्या खणातून कॅमेरा निघतो.
मिरजेच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरनं
स्टुडिओ मोडताना विकलेला,
शहाऐंशी हजार वेळा पापणी लवलेला;
त्यातल्या निम्म्या तरी अक्षता असणार.
पट्ट्यावर अजून त्याचंच नाव आहे, सोनेरी.
मी खोडलं नाही.

कॅमेऱ्याला पिवळ्याचं वावडं.
ऑटोवर ठेवला की हळदीत गुपचूप निळं ओततो,
ढीग दिसतो आजारातून उठल्यासारखा.
म्हणून आधी पांढरं काय ते दाखवावं लागतं त्याला.
मी पावतीची कोरी बाजू उन्हात धरतो:
बघ, हे पांढरं.
आता बाकीचं तुझं तू ओळख.

रात्री जेवणं झाली की कार्ड रीडरमध्ये.
लॅपटॉप जुना, घाटात लागलेल्या गाडीसारखा धापा टाकतो.
मी फोटो आधी बघतच नाही,
उजवीकडचा रकाना बघतो. वजन.
शैलजा आतून विचारते,
झाली का पोती मोजायला सुरुवात?

तिला कसं सांगू,
आयर्विन पुलावरचं पहाटेचं धुकं
भरतं जेमतेम दोन एमबी,
आणि हळकुंडांचा ढीग साडेअकरा.
जिथं बघण्यासारखं जास्त, तिथं वजन जास्त,
एवढं साधं.
पण आई डोळे मिटून बसलेली, मागं पांढरी भिंत:
तीन एमबीसुद्धा नाही.
आकडा बरोबर होता, काटा खोटं बोलत नाही.
तरी त्या रात्री मी लॅपटॉप लवकर मिटला.

एकदा झाकण न काढताच दाबलं होतं.
निखळ काळोख. तोही भरलाच थोडासा.
रिकाम्या गाडीचंही वजन असतं
हे मला कुणी शिकवायला नको होतं.

प्रती दोन ठेवतो. एक कपाटात,
एक विट्याला बहिणीकडं, उंचावर.
पुराच्या वर्षी गावभागात आमच्या माळ्यापर्यंत पाणी चढलं,
लग्नाचा अल्बम लगदा होऊन निघाला.
वजन भरपूर होतं त्याला.
चेहरे नव्हते एवढंच.

मागच्या मंगळवारी दुंडाप्पा हमालाचा काढला.
पोतं उतरवून नुकताच सरळ होत होता,
भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या,
पाठ अजून वाकायच्याच विचारात.
बारा एमबी. आजवरचा सगळ्यात जड.
म्हणाला, जतला पोरीला धाडा की, व्हॉट्सॲपवर.

त्याच्याच फोनवरनं पुढं धाडला,
आणि सवयीनं वजन बघितलं:
एकशे दहा केबी.

बाकीची हळद कुठं सांडली?
भुवयांतली बारीक धूळ गेलेली, पोत्याची वीण गेलेली,
गळ्याजवळचा घाम नुसता एक चट्टा.
व्यापारी ह्याला घट म्हणतात.
उन्हात जाते, वाटेत जाते, हाताळण्यात जाते,
पावतीवर तिला रकाना नसतो.

मी म्हटलं, दुंडाप्पा, मूळ फोटो पेनड्राइव्हवर देतो,
ह्यात बरंच गेलंय.
त्यानं फोन बंडीला पुसला,
काचेवर पिवळा अंगठा तसाच राहिला.

'काय गेलंय ओ?
बघितल्या बघितल्या पोरीचा फोन आला.
म्हणती, आप्पा,
लई वाळलायसा.'