मॅग्नेशिया

रात्री तीनला त्याच्या पोटरीत गोळा येतो.
अर्गिरो उठते, पाय मांडीवर घेते,
दिवा न लावता चोळत बसते.
स्टेरिओस: बत्तीस वर्षं वोलोसच्या धक्क्यावर
जहाजांचे दोर बांधणारा,
हल्ली बोटाला सुई टोचताना मान फिरवतो.

काल डॉक्टरीणबाईंना रिपोर्ट वाचताना हसू फुटलं:
"आपल्या जिल्ह्यावरून धातूचं नाव पडलं,
आणि तुमच्याच रक्तात तो कमी!"
मग चष्मा काढून म्हणाल्या,
साखर वाढली की मॅग्नेशियम लघवीवाटे जातं,
ते गेलं की इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही,
साखर आणखी चढते.
गोळ्यावर गोळी. फरक पडेल. थोडा. कदाचित.

"म्हणजे बोटीत पाणी," तो म्हणाला,
"आणि उपसायचं भांडंच गळकं."

आज ती पेलिऑनच्या उतारावरून
एप्रनभर रानभाजी खुडून आणते.
एक पान चिमटीत धरून उन्हासमोर करते:
या हिरव्याच्या पोटात म्हणे तोच धातू.
तो पाव मागतो. ती अर्धा देते,
उरलेला स्वतः खाते, त्याच्याकडे न बघता.

तीन वाजतात.
पोटरी गप्प आहे.
अर्गिरो मात्र जागी,
हात कुठे ठेवावेत ते न सुचून.