अकरा किलोमीटर काच

पुलाच्या अलीकडे, जिथे नदीने रस्ता
एका बाजूने कुरतडून ठेवलाय,
तिथे तो उभा होता.
दगडाला टेकवलेली काच, कडांना चिंध्या गुंडाळलेल्या,
आणि काचेत
समोरचा अख्खा कडा.

मी वेगात होतो.
सकाळपासून टायरखालून खडी उडत होती.
फुटपेगवर उभा राहून वळणं घेत होतो,
आणि कुणी ऐकत नाही म्हणून
हेल्मेटच्या आत ओरडत होतो आनंदाने.
पामीर. बारतांगची दरी. खाली नदी,
राख कालवल्यासारखी.
मोजत होतो: किती ओढे ओलांडले,
किती वेळा पडलो
(दोनदा; त्यातला एकदा तर उभ्या-उभ्याच कलंडलो).

शोदमोन, त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं.
बहिणीचं घर वर, अकरा किलोमीटर.
जीप आज नाही. उद्याही नाही, बहुतेक.
एप्रिलमध्ये वरून दगड आला,
खिडकीतून आत शिरला
आणि चुलीपाशी येऊन थांबला.
सगळं त्याने हातांनीच सांगितलं.
दगड थांबला तेव्हा त्याचा तळहात
केवढा अलगद टेकला हवेवर.

बॅगा उतरवून झुडपात ठेवल्या.
तो मागे बसला, काच डाव्या मांडीवर उभी,
नदीच्या अंगाला.
"आहिस्ता," म्हणाला.

आस्ते.
कुठल्या घाटात पडला असेल
या शब्दातला ह, आमच्याकडे येता येता?

पहिला गिअर. क्लचवरची दोन बोटं
पाव तासात लाकडाची झाली.
मघाशी जी नुसती खडी होती
तिच्यातला एकेक गोटा आता
ओळख करून देऊ लागला.
छपरांवर वाळत घातलेले जर्दाळू दिसले.
तुतीखाली झोपलेलं करडू.
पलीकडच्या कड्यात ठोकलेल्या जुन्या खुंट्या,
ज्यांच्यावर फांद्या अंथरून
माणसं चालत म्हणे, पाठीवर पिठाची पोती घेऊन.
डावा आरसा मी नकळत फिरवला होता:
त्यात काच, काचेत दरी,
उलटी वाहणारी, थरथरणारी,
प्रत्येक खड्ड्याला एकदा मोडून
पुन्हा सांधली जाणारी.

"दर्यो," त्याने हनुवटीने खाली दाखवलं.
आमच्यात दर्या म्हणजे समुद्र, मला सांगायचं होतं,
पण त्याने समुद्र पाहिला नसावा,
आणि मी अशी नदी.

सातव्या किलोमीटरला पाणी रस्त्यावर.
दुपारचं, वितळून आलेलं, मांडीएवढं.
तो उतरला. काच डोक्यावर आडवी घेतली
आणि शिरला.
पायांखाली गढूळ लोंढा,
डोक्यावर चौकोनी आभाळ,
मध्ये एक सडपातळ माणूस, शिव्या देत की
प्रार्थना करत, मला कळलं नाही.
गाडी मी नंतर आणली. ते सांगण्यासारखं नाही.

ओयबेगिमने बोटाच्या पेराने काच वाजवून पाहिली,
मडकं वाजवावं तशी.
खालच्या कोपऱ्याचा नाण्याएवढा टवका उडाला होता.
तिने भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग काही न बोलता
कणकेसारखं काहीतरी मळायला घेतलं.
मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा.
पहिला घोट कसाबसा, तिसरा वाडगा मागून.

दगड अजून घरातच होता.
त्यावर बसून एक मुलगी
वहीत अंक गिरवत होती.
प्लास्टिकचा कागद फाडला तेव्हा
तिच्या वहीवर ऊन पडलं.
तिने वर न बघता
वही थोडी बाजूला सरकवली.

अंधाराआधी बॅगा गाठायच्या होत्या.
मागे कुणी नव्हतं, रस्ता उताराचा,
पळवता आली असती.
दुसऱ्याच्या पुढे गिअर पडेना.
आरसा सरळ करायचा राहून गेला होता.
त्यात धूळ, आणि दोन वळणांपर्यंत
उंचावर चमकणारा एक चौकोन.
मग कडा आडवा आला.